अकरा नंबरची घंटा

१

शनिवारी सकाळी मॅनेजरबाईंनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. त्यावर दोनच ओळी होत्या, आणि त्या दोन ओळींनी एका बाईचं अन्न तोडलं होतं.

खोली ११. दिनांक १८-०९.
घंटा वाजली: १४:०९. सिस्टर पोचली: १५:०९.

“पूर्ण एक तास,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “माणूस छाती धरून घंटा वाजवतोय आणि आमची सिस्टर तासाभराने उगवते. डॉक्टर आले तोवर संपलं होतं सगळं.”

ज्येष्ठांचं हे निवास म्हणजे दोन मजले, तीस खोल्या. प्रत्येक पलंगाशी एक लाल बटण. ते दाबलं की सिस्टरच्या टेबलावरच्या स्क्रीनवर खोलीचा नंबर लुकलुकतो आणि बझर वाजतो. सिस्टर खोलीत पोचली की भिंतीवरचं हिरवं बटण दाबते. लाल आणि हिरवं, दोन्ही वेळा डेटाबेसमध्ये जाऊन बसतात आणि मॅनेजरबाईंना त्या एका पानावर दिसतात. हे सगळं मी केलंय. माझ्या कंपनीत एक खोली, एक लॅपटॉप आणि मी, एवढेच कर्मचारी. काम मिळालं तेही वशिल्याने. माझी आत्या इथेच वरच्या मजल्यावर राहते.

मॅनेजरबाईंनी दुसरा कागद काढला. ते माझ्याच नावाचं पत्र होतं. नोंदींमध्ये कुणीही फेरफार केलेला नाही, संगणकावर दिसणारी वेळ ग्राह्य धरावी, असा मजकूर. खाली सहीसाठी जागा.

“सोमवारी अकराला कमिटी बसेल. सिस्टरला काढतीलच, वर तिची नर्सिंगची नोंदणी रद्द करायला लिहितील. अकरा नंबरच्या काकांचा मुलगा फार चिडलाय. त्याचंही बरोबर आहे. मला वाईट वाटतं हो, पण संगणक काही खोटं बोलत नाही.”

मी मान डोलावली. त्या डोलावलेल्या मानेची मला अजून लाज वाटते.

बाहेर बाकावर सिस्टर बसली होती. पांढरा गणवेश नव्हता, साधे कपडे होते, आणि मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. मी पेन उघडलं तेवढ्यात मोबाइल वाजला. आत्या. एकाच इमारतीतून फोन करते ही बाई.

“सही केलीस का?”

“तुला कोणी सांगितलं?”

“मी इथे राहते, बये. झोपत नाही नुसती. पेन खाली ठेव आणि वर ये. येताना त्या पोरीशी नीट बोल. तिच्याशी दोन दिवसांत कुणी नीट बोललेलं नाही.”

२

मी सिस्टरच्या शेजारी बसले. मला अशा वेळी काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून सरळ विचारलं, “गुरुवारी काय झालं?”

ती सांगायला लागली तेव्हा आवाज अगदी सपाट होता. दहा जणांना सांगून झालेलं असावं.

“दुपारच्या औषधांची वेळ होती. बारा नंबरच्या आजींना डोळ्यांत थेंब घालायचे असतात. एक थेंब घातला आणि बझर वाजला. टेबल व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथवर गेले, स्क्रीनवर अकरा नंबर. आजींच्या दुसऱ्या डोळ्यात थेंब घालून आले असते तरी चाललं असतं, पण तेवढंही केलं नाही. परत येऊन बाटलीचं झाकण लावलं, ट्रे ठेवला, धावले. काका पलंगाच्या कडेला बसले होते. घामाने ओले. मी हिरवं बटण दाबलं, त्यांना टेकवलं, डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांच्या मोबाइलवर तीन वाजून तीन मिनिटं दिसतात. ते कुणी नाकारत नाही. आधीच्या तासाचं विचारतात.”

“मग आधीच्या तासाचं काय?”

“मला तो तास आठवतच नाही.” तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “त्या आठवड्यात मी दोघींची ड्युटी करत होते. दुसरी आजारी होती. दमले होते मी. मॅनेजरबाई म्हणतात, डोळा लागला असेल, बझर ऐकूच आला नसेल आणि जाग आल्यावर धावलीस. मी दोन दिवस हाच विचार करतेय. मला आठवतं की मी लगेच धावले. पण सगळे सांगतात की तास गेला. कदाचित गेला असेल.”

हे ऐकताना मला बरं वाटत नव्हतं. खोटं बोलणारा माणूस आपल्या गोष्टीला चिकटून बसतो. ही बाई तर स्वतःवरच शंका घेत होती.

“काका काही बोलले का?”

“थोडंसं बोलले.” ती थांबली. “ते मी त्यांच्या मुलालाच सांगेन. पण तो माझं तोंड बघायला तयार नाही. मी आता इथे त्याच्यासाठीच बसलेय. वर अकरा नंबरमध्ये सामान आवरतोय तो.”

मी उठले. जिन्याशी पोचले तेव्हा मागून तिचा आवाज आला.

“ताई, माणूस झोपलेला असताना उभा असल्याचं आठवू शकतो का हो?”

मी जिना चढायला लागले.

३

आत्याआधी मी बारा नंबरचं दार वाजवलं. थेंबवाल्या आजी खिडकीशी बसल्या होत्या. सकाळी काय खाल्लं ते त्यांना दुपारी आठवत नाही, म्हणून त्यांची साक्ष कुणी घेतलीच नव्हती.

“थेंब घातला की दोन मिनिटं डोळा मिटून ठेवायचा,” आजी म्हणाल्या. “मी एकशेवीसपर्यंत मोजते. गुरुवारी वीस-बावीस झाले असतील, बझर वाजला. समोरच्या खोलीचा. ती गेली टेबलाकडे. परत आली तोवर माझे एकशेवीस होऊन गेले होते. मग झाकणाचा आवाज, ट्रेचा आवाज. मग पळाली. मी तशीच बसून राहिले. दुसरा डोळा कोरडाच.”

“आजी, मध्ये तासभर तर गेला नाही ना?”

“तासभर मी डोळा मिटून बसेन का गं? मला विसरायला होतं, वेड नाही लागलेलं.”

मी ओशाळले आणि व्हरांड्यात येऊन लॅपटॉप उघडला. तिथे मला दोन गोष्टी बघायच्या होत्या.

पहिली म्हणजे कुणी आत हात घातलाय का. नोंद बदलली की कुणी बदलली, कधी बदलली, हे माझा प्रोग्राम गुपचूप लिहून ठेवतो. सिस्टरला अडकवायचं म्हणून मॅनेजरबाईंनी काही केलं असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. तसं काहीच नव्हतं. आत त्या दोन वेळा जशा पडल्या तशाच होत्या. म्हणजे आकडे होते. डेटाबेसात वेळ घड्याळासारखी ठेवलेली नसते. फार मागच्या एका ठरलेल्या क्षणापासून किती सेकंद झाले, तेवढी एक दहा आकडी संख्या असते. ती बघून दुपार की सकाळ हे माझ्यासकट कुणालाच कळत नाही. पानावर दाखवताना तिचे तास आणि मिनिटं करून दाखवायची एक ओळ असते, आणि ते काम पान बिनबोभाट करतं. मी आकड्यांवरून नजर फिरवली, कुणाचा हात लागलेला नाही एवढं बघितलं आणि पुढे गेले.

दुसरी गोष्ट औषधांची यादी. थेंबांची नोंदही सिस्टर स्क्रीनवर करते. खोली १२, उजवा डोळा, १४:०९.

मी दोनदा वाचलं. आजींच्या थेंबांची वेळ तीनची. कुठली सिस्टर तीनचे थेंब एक तास आधी घालेल? आणि घातलेच, तर बझर वाजल्यावर ट्रे ठेवून धावली ती बाई समोरच्या दारात पोचायला एक तास कसा लावेल? अंतर सहा पावलांचं होतं. मी स्वतः चालून मोजलं.

सातवं पाऊल टाकलं तेव्हा मी अकरा नंबरच्या उघड्या दारात होते, आणि आतून एक माणूस माझ्याकडे बघत होता.

४

काका लिफ्टचे मेकॅनिक होते. निवासातली लिफ्ट कंपनीच्या माणसाआधी तेच दुरुस्त करायचे आणि मग कंपनीच्या माणसाला चुका दाखवायचे. पलंगावर त्यांचे पाने, स्क्रूड्रायव्हर आणि एक टॉर्च ओळीने मांडलेली होती. मुलगा प्रत्येक वस्तू फडक्याने पुसून खोक्यात ठेवत होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. बंदरावर क्रेन चालवतो.

“तुम्ही कॉम्प्युटरवाल्या,” तो म्हणाला. “पत्र दिलंत का?”

“देणार आहे. त्याआधी थोडं विचारायचं होतं.”

तो खाली बसला. पलंगावर नाही, खुर्चीवरही नाही, खोक्यावर.

“विचारा. मला एकच गोष्ट माहीत आहे.” त्याने मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. गुरुवार, १४:४१, अकरा मिनिटं. “माझी सुट्टी अडीच ते तीन. रोज फोन करतो. त्या दिवशी ते सांगत होते, इथल्या लिफ्टचं दार हल्ली चिडखोर झालंय, माणूस बघून आपटतं. हसत होते. मीही हसत होतो.”

मी ती वेळ वाचली.

“घंटा दोन वाजून नऊ मिनिटांना वाजवली होती त्यांनी. म्हणजे अर्ध्या तासापासून छातीत दुखत होतं, कुणी येत नव्हतं, आणि माझ्याशी लिफ्टच्या दाराच्या गोष्टी करत होते. मला काळजी नको म्हणून.” त्याने फडक्याची घडी केली, उलगडली. “ताई, मी केबिनमध्ये चाळीस मीटर उंच बसतो. साखळीच्या आवाजावरून सांगतो कुठली कडी झिजलीय. आणि बापाच्या आवाजावरून मला काही कळलं नाही. अकरा मिनिटं बोललो. विचारलंसुद्धा नाही, बरं आहे ना म्हणून.”

“तुम्हाला सिस्टरचा राग येणं—”

“तिचा येतो. पण तिच्यावर ओरडून झालं की मी घरी जातो, आणि मग ती अकरा मिनिटं परत ऐकतो.”

त्या कागदाने नुसती नोकरी खाल्ली नव्हती. या माणसाचा शेवटचा फोनही खाल्ला होता.

तरीही एक प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आत्यासारखी माणसं सुई टोचली तरी मजला डोक्यावर घेतात, काका तसे नव्हते, हे खरं. पण मदतीसाठी लाल बटण दाबलेला माणूस त्यानंतर अकरा मिनिटं लिफ्टच्या दारावर विनोद करेल? आणि फोन ठेवल्यावर पुन्हा एकदाही बटण दाबणार नाही?

दारात मदतनीस बाई आली. “तुमच्या आत्याबाई म्हणतायत, तू आत्ताच्या आत्ता आली नाहीस तर त्या लाल बटण दाबतील.”

५

आत्या एकतीस वर्षं बस डेपोत कंट्रोलर होती. कुठली गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, हे लिहिण्यात तिचं आयुष्य गेलं. निवृत्त झाली तरी खोड जाईना. चहाची गाडी दारावरून गेली की ती वहीत मिनिट लिहिते. डॉक्टर आले, लिहिते. मी भेटायला आले तरी लिहिते, आणि गेल्या महिन्यात तीनदाच आलीस असं मग पुराव्यानिशी ऐकवते.

“गुरुवारी दुपारचं काय लिहिलंयस?” मी आल्या आल्या विचारलं.

“काही नाही. दोन ते साडेतीन मी खाली व्यायामाला होते. गुडघा. नाहीतर तुझ्या पानाची गरज पडली नसती. मला आख्खा महिना दाखव. घंटा कधी, सिस्टर कधी.”

मी मॅनेजरबाईंच्या खोलीतून सप्टेंबरची यादी छापून आणली. सात पानं झाली. आत्याने चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, जशी ती डेपोतला तक्ता वाचायची.

“आठ-नऊ, आठ-नऊ. अकरा-नऊ, अकरा-नऊ. तेरा-नऊ, तेरा-नऊ.” ती थांबली. “तुमची मॅनेजर फलकावर लिहून बसलीय, ‘आमच्याकडे घंटा आणि सेवा एकाच मिनिटाला’. ते यावरूनच ना?”

“हो. तिला फार कौतुक आहे त्याचं.”

“मला नाही. सिस्टर काय पलंगाखाली बसलेल्या असतात? घंटा वाजली की उठायलाच अर्धं मिनिट लागतं.” तिने पान उलटलं. “आता हे बघ. जिथे शून्य मिनिटं नाहीत तिथे किती? इथे एक तास. इथे एक तास. इथेही एक तास. महिन्यात सात वेळा. पाच मिनिटं कुठेच नाहीत. वीस मिनिटं नाहीत. पन्नास नाहीत. एक तर शून्य, नाहीतर बरोब्बर एक तास. माणसं अशी उशीर करत नाहीत गं. उशीर कसा, कधी तीन मिनिटांचा, कधी तेराचा. त्यात घोळ असतो. हा फार नीटनेटका उशीर आहे.”

“मॅनेजरबाई म्हणतात, त्या बाकीच्या वेळी हिरवं बटण दाबायला विसरल्या असतील.”

“हं. मग ही ओळ वाच.”

खोली २३, दिनांक ०६-०९. घंटा १०:०९, सिस्टर ११:०९. तेवीस नंबर म्हणजे हीच खोली.

आत्याने उशीखालून वही काढली, पानं चाळली आणि माझ्यापुढे धरली. तिच्या गोल, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: सहा तारीख. गुडघ्यात कळ. घंटा १०:५९. सिस्टर ११:०१.

“दोन मिनिटं,” आत्या म्हणाली. “तुझं पान म्हणतं एक तास. मी एक तास घंटा वाजवून गप्प बसले असते, असं तुला वाटतं? छप्पर उडालं असतं.”

मी वहीकडे बघितलं, पानाकडे बघितलं. तास दोन्हीकडे तेच होते. दहा आणि अकरा. फक्त मिनिटं वेगळी.

“आणि आता हे सांग,” आत्याने बोट यादीवरून वरपासून खालपर्यंत ओढलं. “तास बदलतायत. तारखा बदलतायत. मिनिटं सगळीकडे नऊ. दीडशे घंटा, सगळ्या नवव्या मिनिटाला. माझ्या एकतीस वर्षांत एकही गाडी अशी वागली नाही. हा नऊ येतो कुठून?”

माझी नजर तारखेवर गेली. ०६-०९. त्याखाली ०७-०९. त्याखाली ०८-०९.

“आत्या,” मी म्हणाले, “एक मिनिट थांब.”

लॅपटॉपवर मी ऑगस्टचं पान उघडलं. घंटांचं काम तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, जेमतेम आठवडाभराच्या नोंदी होत्या. आठ वाजून आठ मिनिटं. सोळा वाजून आठ मिनिटं. एकवीस वाजून आठ मिनिटं. शेवटपर्यंत आठ.

तो मिनिटांचा आकडा नव्हताच. तो महिन्याचा होता.

मी माझी ती ओळ उघडली, दहा आकडी संख्येची वेळ करून दाखवणारी. तारीख दाखवायची ओळ मी आधी लिहिली होती. वेळेसाठी तीच उचलून इकडे चिकटवली आणि तुकडे बदलले. दिवसाच्या जागी तास टाकला. महिन्याच्या जागी मिनिटं टाकायची राहिली. दोन आकडे, मधे टिंबं, दोन आकडे. दिसायला अगदी वेळेसारखं. त्या संध्याकाळी मी ते बघितलं, झालं म्हटलं, आणि लॅपटॉप मिटला. औषधांच्या पानालाही तीच ओळ लावली.

सकाळपासून मी सिस्टरकडे, मॅनेजरबाईंकडे संशयाने बघत होते. गुन्हेगार माझ्याच खुर्चीत बसली होती.

“मग खरी मिनिटं गेली कुठे?” आत्याने विचारलं.

“कुठेच नाही गेली. आत आहेत. मीच दाखवली नाहीत.”

“मग वजाबाकी कर की. सेकंद आहेत ना ते? मोठ्यातून लहान.”

मी अकरा नंबरच्या दोन्ही संख्या काढल्या. पहिले सहा आकडे सारखेच होते. हिरव्या बटणाचे शेवटचे चार, ४५२८. लाल बटणाचे शेवटचे चार, ४२९१. आत्याने वहीच्या कडेला वजाबाकी मांडली. तिला कॅल्क्युलेटरवर विश्वास नाही.

दोनशे सदतीस.

“चार मिनिटांना तीन सेकंद कमी,” आत्या म्हणाली आणि पेन्सिल खाली ठेवली. “टेबलापर्यंत जाऊन-येऊन, थेंबाची बाटली बंद करून, ट्रे ठेवून, गुडघे धड असलेली बाई याहून लवकर नाही पोचू शकत.”

मी ओळ दुरुस्त केली. पान पुन्हा उघडलं. थेंब १४:५७. घंटा १४:५८. सिस्टर १५:०२. दोनाचे तीन वाजले तेव्हा ती वाटेत होती, एवढाच तिचा अपराध. तास बदलला म्हणून माझ्या पानाने चार मिनिटांचा तास करून दाखवला होता.

मी लॅपटॉप मिटला. आत्याने ते बघितलं आणि चष्मा काढला.

“बये, डेपोत मी एकदा चुकीच्या फलाटावर गाडी लावली होती. चाळीस माणसं भलत्या गावाला गेली. मी सोमवारची वाट नाही बघितली. त्याच दिवशी साहेबांच्या खोलीत गेले.” तिने वही माझ्या हातात दिली. “ही घेऊन जा. आणि खोक्याला चिकटपट्टी लावून तो माणूस निघून जायच्या आत जा.”

६

मॅनेजरबाईंना आणि सिस्टरला मी अकरा नंबरमध्ये घेऊन आले. सिस्टर उंबऱ्याबाहेरच थांबली. मुलाने तिला बघितलं आणि तोंड फिरवलं.

मी भाषण तयार केलं होतं. जिना चढताना ते विसरले. मग लॅपटॉप पलंगावर ठेवला, वही शेजारी ठेवली आणि सांगितलं.

“चूक माझी आहे. कुणाचीच नाही, माझी. या पानावर मिनिटांच्या जागी मी महिन्याचा आकडा दाखवत होते. म्हणून सगळं नवव्या मिनिटाला झाल्यासारखं दिसतं. सिस्टर तासाने नाही, चार मिनिटांत आल्या. मी हे लिहून देते. आधीच्या पत्रावर सही करणार नाही.”

मॅनेजरबाईंनी पान बघितलं, यादी बघितली, मग जड आवाजात म्हणाल्या, “म्हणजे फलकावर लिहिलंय ते...”

“तेही खोटं. पण तीन-चार मिनिटं वाईट नाहीत, बाई. तसं लिहा.”

त्या खुर्चीत बसल्या. वाईट बाई नव्हती ती. “मी या मुलीला म्हणाले, तुझा डोळा लागला असेल,” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “तिनेही मग तसंच म्हणायला सुरुवात केली.” त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि सिस्टरचा हात धरला. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. सिस्टरच्या हातातली पिशवी खाली पडली एवढं दिसलं.

मुलगा मात्र स्क्रीनकडेच बघत होता. मी घाबरले होते. त्याने माझ्यावर आवाज चढवला असता तर मी ऐकून घेतलं असतं.

“घंटा किती वाजता?” त्याने विचारलं.

“दोन अठ्ठावन्न.”

त्याने मोबाइल काढला. अंगठ्याने वर, खाली केलं. “माझा फोन दोन एकेचाळीसला. अकरा मिनिटं.” त्याने मनाशी बेरीज केली. मी ती त्याच्या चेहऱ्यावर होताना बघितली. “दोन बावन्नला ठेवला.”

“हो.”

“म्हणजे तेव्हा काही दुखत नव्हतं त्यांना.”

“सहा मिनिटांनी घंटा वाजली. त्याआधी लाल बटणाला हातही लागलेला नाही. मी आत बघितलंय.”

त्याने मोबाइल खिशात ठेवला. मग सिस्टरकडे वळला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याने तिच्याकडे नीट बघितलं.

“मी तुम्हाला नको ते बोललो.”

“असू द्या,” सिस्टर म्हणाली. “मला तुम्हाला एक सांगायचं होतं. तुमच्यासाठीच थांबले होते. मी त्यांना टेकवलं, डॉक्टरांना फोन केला, तोवर ते शुद्धीत होते. मी विचारलं, मुलाला फोन लावू का? तर म्हणाले, आत्ताच येऊन गेला त्याचा फोन. आता त्याची सुट्टी संपली असेल, वर चढत असेल, घाबरवू नका त्याला. आणि हसले थोडं. मला वाटायचं, त्यांना वेळेचं भान राहिलं नव्हतं. तासापूर्वी घंटा वाजवलेला माणूस आत्ताच कसं म्हणेल. म्हणून मी दुसऱ्या कुणाला सांगितलंच नाही.”

मुलगा खोक्यावर बसला. पुसून ठेवलेली टॉर्च त्याने बाहेर काढली, उगीचच लावली आणि बंद केली. मग त्याच्या रुंद खांद्यांना हुंदका आला. सिस्टर आत आली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. मॅनेजरबाईंनी दार अर्धं लोटलं. मी वही उचलली आणि दारापाशी उभी राहिले.

“काय म्हणाले?” थोड्या वेळाने त्याने विचारलं. “परत सांगा.”

“आत्ताच येऊन गेला त्याचा फोन,” सिस्टर म्हणाली. आणि मग पहिल्यापासून, सावकाश, सगळं पुन्हा सांगायला लागली.